मंत्रिमहोदय, आमची हजेरीपत्रकं रद्दीत गेली

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

विषय : बंद सिमेंट कारखान्याच्या कामगारांचं दप्तर, थकीत देणी आणि आपण दिलेला शब्द

महोदय,
सविनय नमस्कार.

निवडणुकीच्या आधीच्या दौऱ्यात आपण आमच्या बंद कारखान्याच्या फाटकाशी गाडी थांबवलीत, आम्हा म्हाताऱ्या कामगारांचं निवेदन हातात घेतलंत आणि उभ्याउभ्या का होईना, वाचलंत. याबद्दल आपले आभार. एवढंही फार थोड्यांनी केलं. त्या दिवशी आपण सगळ्यांदेखत शब्द दिला होता की भंगाराचा तुकडा हलण्याआधी कामगारांच्या देण्यांचा हिशेब होईल आणि ऑफिसातलं जुनं दप्तर सरकार ताब्यात घेऊन जपून ठेवेल. सोबतच्या साहेबांनी ते लिहूनही घेतलं.

मागच्या आठवड्यात गॅस कटर आले. भट्टीचं पोलादी कवच कापलं गेलं, सिमेंट दळणाऱ्या बॉल मिलमधले गोळे पोत्यांत भरले गेले. हे कधीतरी होणार हे आम्हाला ठाऊक होतं; लोखंडाला गिऱ्हाईक मिळतंच. पण मग टाइम ऑफिसचं दार फोडलं आणि कपाटं रिकामी केली. हजेरीपत्रकं, पगारपत्रकं, पीएफचे तक्ते, अपघाताची नोंदवही, सगळे गठ्ठे सुतळीनं बांधून रद्दीच्या टेम्पोत चढले. मी पोचलो तेव्हा एक गठ्ठा सुटून पानं चिखलात पडली होती. त्यातलं एक पान आता माझ्याकडे आहे, जुलै 1993 च्या पगाराचं. प्रत्येक नावापुढे महसुली तिकीट आणि तिकिटावर सही, नाहीतर निळ्या शाईचा अंगठा. एका ओळीत अंगठा जरा सरकून तिकिटाबाहेर गेलाय, रेषा स्पष्ट दिसतात. ती बाई पॅकिंगला गोण्या शिवायची. आज हयात नाही. तिच्या मुलाकडे आईनं तिथं काम केल्याचा दुसरा कुठलाही पुरावा नाही.

टेम्पोवरचा पोरगा म्हणाला, "काका, आम्ही वजनावर घेतलंय, कागदावर काय लिहिलंय ते आम्हाला काय करायचं?" त्या पोराला मी बोल लावत नाही. शब्द त्यानं दिला नव्हता, आपण दिला होता.

आपल्या कचेरीला वाटत असेल की जुन्या कागदांसाठी एवढा गळा काय काढायचा. म्हणून सांगतो. कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाली. तिच्यात 10 वर्षांची नोकरी सिद्ध झाली तर 58 व्या वर्षी पेन्शन मिळते. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70, असा हिशेब. 1995 च्या आधीची वर्षं धरायची तर जुन्या कुटुंब पेन्शन योजनेतली वर्गणी दाखवावी लागते. आमच्यातल्या कित्येकांची वर्गणी पगारातून कापली गेली पण खात्यावर पोचली नाही. कुणाचं नाव चुकीचं लागलं, तर कुणाला मध्येच ठेकेदाराच्या माथी मारून पुन्हा रोलवर, म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावर घेतलं. आपण दहा वर्षं राबलो हे सांगायला त्यांच्याकडे एकच साक्षीदार होता, तो म्हणजे टाइम ऑफिसातली ती कपाटं. त्यांतले कागद आता लगद्याच्या कारखान्याकडे गेले.

कागद गेले, तेव्हा आमच्या कारखान्याची गोष्ट मीच इथं जाहीरपणे लिहून ठेवतो. ती तुम्ही वाचावी आणि तुमच्या दप्तरी लावावी.

पैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शिवेवर चुनखडीचा मोठा पट्टा आहे. भूगर्भशास्त्रवाले त्याला पैनगंगा गटाचा चुनखडक म्हणतात. आम्ही त्यावर पऱ्हाटी आणि तूर पिकवत होतो. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या होत्याच. सिमेंट मात्र आमच्या बापजाद्यांनी फक्त सरकारी इमारतींना लागलेलं पाहिलं. तो काळ परमिटचा. सिमेंटचा भावही सरकार ठरवायचं आणि वाटपही सरकारच करायचं. घराच्या पायाला चार गोण्या हव्या असल्या तरी तहसिलीत अर्ज करायचा, मग वाट बघायची. याच सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी 1982 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात, 28 फेब्रुवारी 1982 ला, केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं.

सिमेंटची एवढी टंचाई होती म्हणूनच सरकारला खेडं आठवलं. आसामातल्या जोरहाटच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनं आणि सिमेंट रिसर्च इन्स्टिट्यूटनं उभ्या भट्टीचं तंत्र देशी मालावर बसवलं होतं. जिथं चुनखडीचा साठा मोठ्या कारखान्याला पुरणार नाही, जिथं रेल्वेचा फाटा नाही, तिथं दिवसाला 20, 50, 100 टनांचे छोटे कारखाने काढा, गावात रोजगार येईल, वाहतूक वाचेल, असं धोरण आलं. अबकारी शुल्कात सवलत आली, वित्तसंस्थांची कर्जं आली. मंत्रिमहोदय, हा कारखाना काढा म्हणून आम्ही कुणाकडे गेलो नव्हतो. सरकार आमच्या वावरात आलं. जमिनी घेताना घरटी एक नोकरी देतो म्हणाले. आमच्या वडिलांनी त्या तोंडी शब्दावर सातबारा सोडला. तुमच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला, त्याचं मूळ बहुधा तिथंच आहे. विश्वास ठेवण्याची खोड आमच्या घरात जुनी.

आमची भट्टी कशी चालायची हे आज गावातल्या पोरांनाही माहीत नाही. मोठ्या कारखान्यात आडवी फिरती भट्टी असते. आमची म्हणजे पोलादी कवचाचा, आतून अग्निविटांनी बांधलेला उभा नळा. चुनखडी, माती आणि कोकचा चुरा एकत्र दळून काळी भुकटी करायची. तिरप्या फिरत्या ताटात ती टाकून वरून पाणी शिंपडलं की तिच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या वळल्या जायच्या. त्या वरून भट्टीत सोडायच्या, खालून रूट्स ब्लोअरची हवा. मधल्या पट्ट्यात 1,450 अंशांच्या आसपास तापमान. तळातून क्लिंकर, म्हणजे भाजून कडक झालेला माल पडायचा, तो निववून चार-पाच टक्के जिप्सम घालून बॉल मिलमध्ये दळलं की सिमेंट तयार.

मी बर्नर होतो. वरच्या मजल्यावर भट्टीच्या तोंडाशी आठ तास उभं राहायचं. वरचा थर काळा, ओलसर, वाफाळता दिसला की सगळं ठीक. काळ्या थरात एका बाजूला लाल डाग उमटला की समजायचं, आग त्या अंगानं वर चढली. मग तिथं ओल्या गोळ्यांचा जाड थर द्यायचा, हवा जराशी कमी करायची आणि लांब सब्बल खुपसून आत चिकटलेला क्लिंकरचा गठ्ठा फोडायचा. तापमापक होता, पण तो बहुतेक बंदच असे. भट्टी आम्ही डोळ्यांनी चालवली. हवा कमी पडली की कोक अर्धा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं जड होतं, मग गुडघ्यातलं बळ जातं. माझ्या पाळीतला एक जण असाच कठड्याला धरून खाली बसला आणि उठलाच नाही. अपघाताच्या नोंदवहीत त्याची नोंद होती. मी स्वतः ती सुपरवायझरला लिहायला लावली होती. ती वहीही परवा टेम्पोत गेली.

100 टनांची भट्टी वर्षातून 300 दिवस चालली तर 30,000 टन सिमेंट होतं. मोठा कारखाना दहा-दहा लाख टन काढतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. पण ते सिमेंट इथंच लागलं. जवाहर विहिरींची बांधणी, इंदिरा आवासची घरं, शाळेच्या खोल्या, नाल्यांवरचे पूल. परमिटाची वाट न पाहता माणसं फाटकाशी बंडी लावून गोण्या नेत. खाणीत सुरुंग लागला की आसपासच्या घरांचे पत्रे हलायचे, पऱ्हाटीच्या बोंडांवर राखाडी थर बसायचा, आणि तरी लोक म्हणायचे, आपला कारखाना.

तो मेला कसा, तेही तुम्ही ऐका, कारण "तोट्यात गेला" एवढ्या दोन शब्दांत तुमच्या कचेरीनं फाइल बंद केली आहे. 1 मार्च 1989 ला सिमेंटवरचं नियंत्रण पूर्ण उठलं. 1991 मध्ये कारखाना काढायला लागणारे परवानेही गेले. त्याआधीच याच पट्ट्यात मोठे कारखाने उभे राहिले होते. आवारपूरचा 1983 चा. त्यांना स्वतःचा रेल्वे फाटा, कोळसा जवळ, वीज स्वतःची. आमचा कोकचा चुरा लांबून यायचा आणि महाग पडायचा. मग 53 ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या सिमेंटचा बोलबाला झाला. घराच्या प्लॅस्टरला 33 ग्रेड पुरतं हे कुठलाही जुना गवंडी सांगेल, पण दुकानदार 53 शिवाय बोलेना. उभ्या भट्टीत सगळा माल सारखा भाजला जात नाही, त्यामुळे रोज तेवढी ताकद काढणं आम्हाला जड जायचं. आमचं सिमेंट वाईट नव्हतं. तुमच्या मानक संस्थेचा शिक्का त्यावर होता.

शेवटचा घाव विजेनं घातला. भारनियमनात वीज गेली की ब्लोअर बंद. आग जागच्या जागी थिजते, क्लिंकरचा धोंडा भिंतीला धरतो. मग भट्टी निवेपर्यंत थांबायचं आणि आत उतरून हातोड्यांनी तो फोडायचा. विटा निखळायच्या, त्या पुन्हा लावायच्या, की परत भारनियमन. बिल मात्र मागणी आकारासकट पूर्ण. ज्या सरकारनं खेड्यात भट्टी लावायला लावली, त्यालाच भट्टीला अखंड वीज लागते हे माहीत नव्हतं काय? आणि छोट्या कारखान्यांना जगवायचंच नव्हतं तर 1982 ला आमच्या बापांच्या जमिनी कशाला घेतल्या?

बंद करतानाही कायदा कसा वाकवला बघा. औद्योगिक विवाद कायद्यात 100 किंवा जास्त कामगार असले तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत होती. आमच्या रोलवर कायम शंभराच्या आतच माणसं. बाकीचे ठेकेदाराचे. खाणीतले, पॅकिंगमधले, गोण्या वाहणारे, सगळे कागदावर परके. माथाडी कायदा या राज्यात 1969 पासून आहे, पण आमच्या हमालांना त्याची सावलीसुद्धा मिळाली नाही. तपासायला येणारे यायचे, ऑफिसात बसायचे आणि जायचे. एका सकाळी फाटकाला नोटीस होती आणि कुलूप होतं. कायद्यानं नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई, दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी, तीही 30 दिवसांत. आजपर्यंत एक पैसा नाही. आता तर नव्या औद्योगिक संबंध संहितेनं परवानगीची मर्यादा 100 वरून 300 वर नेली. म्हणजे जे आमच्या मालकानं लपूनछपून केलं, ते आता उजळ माथ्यानं करता येईल.

कामगारांची देणी तारण घेणाऱ्यांच्या बरोबरीची मानावीत, अशी दुरुस्ती कंपनी कायद्यात 1985 मध्ये झाली, असं एका वकिलानं आम्हाला सांगितलं. आम्ही हरखलो. मग त्यानंच सांगितलं की कंपनी रीतसर गुंडाळली तर. इथं कंपनी गुंडाळलीच नाही. कर्ज देणाऱ्यानं कुलूप लावलं, जमीन आणि यंत्रं विकायला काढली, आणि आम्ही या व्यवहारात कुठंच नाही. कर्ज देणाऱ्याकडे गेलो की म्हणतात मालकाला विचारा. मालकाचा पत्ता बदललेला. कामगार कचेरीत गेलो की म्हणतात रेकॉर्ड आणा. आता आणतो रेकॉर्ड. कुठून आणू?

माझं सांगतो, कारण माझ्यासारखे गावोगाव आहेत. कारखाना बंद झाला तेव्हा मला कुणी नवं काम देण्याचं वय उरलं नव्हतं आणि पेन्शनचं वय झालं नव्हतं. भट्टीची आग वाचता येते या कौशल्याला बाजारात किंमत शून्य. मी नागपूरला एका गोदामावर रात्रीचा राखणदार झालो. मुलीचं शिक्षण बारावीवर थांबलं. ती हुशार होती, हे मी बाप म्हणून नाही, तिच्या मास्तरांच्या सांगण्यावरून लिहितो. खोकला तेव्हापासूनचा. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. सरकारी दवाखान्यात विचारलं, तंबाखू खाता का, बिडी ओढता का. नाही म्हटलं तरी केसपेपरवर "जुनाट खोकला" एवढंच आलं. कुठं काम केलं हे कुणी विचारलं नाही. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, हा जुन्या कारखाने कायद्यात नोंद करण्याजोगा रोग होता. राजस्थाननं 2019 मध्ये त्यासाठी धोरण केलं. दाखला मिळाला की 3 लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख. आमच्यातल्या किती जणांच्या छातीत दगडाची धूळ बसली, ते तपासायला कोण आलं? जे खोकून गेले त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते एकदा काढून बघा.

ज्यांची पेन्शन झाली, त्यांना काय मिळतं? किमान 1,000 रुपये महिना, सप्टेंबर 2014 पासून तेवढेच. 2013 मध्ये संसदेच्याच समितीनं, भगतसिंह कोश्यारी तिचे अध्यक्ष होते, निदान 3,000 द्या आणि महागाई भत्ता जोडा असं सांगितलं होतं. पुढं काही झालं नाही. आणि या राज्यात एकदा आमदार झालेल्या माणसाला महिना 50,000 रुपये निवृत्तिवेतन. तो ठराव करायला समिती लागली नाही, आंदोलन लागलं नाही. भट्टीच्या तोंडाशी आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पन्नास पट. याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे, सभागृहात, नोंद होईल असं.

आणखी एक हिशेब करतो. टनभर साध्या सिमेंटला सुमारे दीड टन चुनखडी लागते. चुनखडीची रॉयल्टी, म्हणजे खाणवाल्यानं सरकारला भरायचं शुल्क, 2014 पासून टनाला 80 रुपये. म्हणजे टनाला 120, आणि टनात गोण्या 20. एका गोणीमागे आमच्या जमिनीच्या पोटातल्या दगडाचे 6 रुपये. त्याच गोणीवर 2017 पासून 28 टक्के जीएसटी घेतलात, सप्टेंबर 2025 मध्ये तो 18 वर आला. स्पर्धा आयोगानं 2012 मध्ये 11 सिमेंट कंपन्यांना संगनमत करून भाव चढवल्याबद्दल 6,000 कोटींहून जास्त दंड लावला, 2016 मध्ये पुन्हा तेवढाच भारी. ते खटले वरच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्याकडे वकील आहेत, कागद जपणारे लोक आहेत. आमची एक खोली भरून कागद होते, ते तुम्हाला जपता आले नाहीत. खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज निधी 2015 पासून आहे, जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या 30 टक्के त्यात जमा होतात. आमची खाण बंद, म्हणून आम्ही बाधित नाही म्हणतात. ती खाण पाण्यानं भरून तशीच उघडी आहे. कडा सरळ तुटलेल्या, कुंपण नाही, बाजूनं शाळेची वाट. खाण बंद करताना ती सुरक्षित करण्याचा आराखडा लागतो आणि त्यावर देखरेख करणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. एखादं पोर बुडाल्यावर तुम्ही सांत्वनाला याल, हे मला दिसतंय. आत्ता या.

आता मागण्या. टेम्पो कुणाचा, माल कुठं उतरला, हे शोधायला पोलिसांना एक दिवस पुरेल. जे कागद वाचले असतील ते जप्त करून जिल्हाधिकारी कचेरीत ठेवा. जे वाचले नाहीत त्यांच्या जागी कामगार अधिकाऱ्याला गावात बसवा आणि हयात कामगारांचे जबाब घ्या. कोण कुठल्या पाळीत, कुठल्या खात्यात, कुणासोबत होता हे आम्हाला अजून तोंडपाठ आहे, आणि एकमेकांच्या साक्षी द्यायला आम्ही तयार आहोत. तो जबाब नोकरीचा पुरावा म्हणून धरावा, यासाठी पीएफच्या वरिष्ठांना तुम्ही स्वतः पत्र लिहा. भंगाराच्या विक्रीचे पैसे वाटण्याआधी आमच्या ग्रॅच्युइटीची आणि भरपाईची रक्कम वेगळी काढा. आमच्या छातीचे एक्स-रे काढणारं पथक पाठवा, आणि त्या पथकात धुळीचे रोग ओळखणारा डॉक्टर असू द्या. खाणीला कुंपण घाला.

घाई अशासाठी की आमच्यातला सगळ्यात तरुण आता साठीचा आहे. जबाब द्यायला माणसंच उरली नाहीत तर तुमचं काम फार सोपं होईल, आणि गेली कित्येक वर्षं सरकार त्याचीच वाट बघतंय असा माझा स्पष्ट आरोप आहे.

या पत्राची पोच द्या. उत्तर लेखी द्या, जावक क्रमांक आणि तारीख घालून. फाटकाशी गाडी थांबवून बोललेलं यापुढे आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही.

आपला,
एक माजी बर्नर
(आणि त्याच भट्टीवर, खाणीत व पॅकिंगमध्ये राबलेल्या सगळ्यांच्या वतीनं)